माणशी एकच बॅग

"वय किती?" डॉक्टरने मान वर न करताच विचारलं.

मी क्षणभर गोंधळले. मग म्हटलं, "आठ वर्षं. पण चाकं गेल्याच वर्षी बदललीत."

त्याचा लिहिता हात थांबला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या जांभळ्या बॅगेकडे. माझ्या शेजारी टोपलीत मांजर घेऊन बसलेल्या बाईंनी टोपली जराशी पलीकडे सरकवली.

"चावते का?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

"चेन उघडली तर."

मग तो हसला. डावा गाल आधी, उजवा मागाहून... आणि मला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर प्राण्यांचा दवाखाना होता आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. आई, मी, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. आईच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. तेव्हा भावाने ठरवून टाकलं, की आता सगळ्यांनी मिळून आठवडाभर क्रूझवर जायचं. फक्त आमचं जहाज धक्क्याला लागत नव्हतं. छोट्या लाँचमध्ये बसून त्याच्यापर्यंत जायचं होतं, म्हणून नियम कडक होता... माणशी एकच बॅग, दहा किलोच्या आत. आणि नेमका बॅगा भरायला घेतल्या त्याच दिवशी घरातला वजनकाटा बंद पडला.

"खालच्या काट्यावर गाढवसुद्धा मावेल," भाऊ म्हणाला होता. "ताई, तू जाऊन ये ना!"

'ताई, तू' असं सुरू होणारं आमच्या घरातलं कुठलंही वाक्य माझ्या पायात चप्पल चढवूनच संपतं. बरं, मला वाटलं होतं खाली नेहमीचे मिशीवाले डॉक्टर असतील. तर त्यांच्या खुर्चीत हा. बाह्या दुमडलेल्या, मनगटावर ताजा ओरखडा.

त्याने बॅग काट्यावर ठेवली. आकडा चौदावर जाऊन थांबला.

"वजन वाढलंय," तो म्हणाला. "काय खायला घालता हिला?"

"आईची आहे ती. जहाजावर माणशी दहाच किलो चालतं, आणि हिच्यात दोन चादरी, स्वतःची उशी, इलेक्ट्रिक किटली... कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे."

"जहाजावर दोरी?"

"आई म्हणते, समुद्रावरचा वारा फुकट जायला नको."

"आईंचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण पथ्य पाळावं लागेल. उद्या पुन्हा आणा."

मी दुसऱ्या दिवशी गेले. या वेळी भावाची बॅग होती, तिच्यात त्याचे डंबेल्स. तिसऱ्या दिवशी भावजयीची. ती उघडली तर बुटांचं दुकानच. डॉक्टर रोज तेवढ्याच गांभीर्याने तपासायचा. बॅगेच्या पोटावर टिचक्या मारायचा, चेनला कान लावायचा आणि म्हणायचा, "श्वास कोंडतोय बिचारीचा."

"तुम्ही काय करता?" एकदा त्याने विचारलं.

"लोकांचे कान तपासते. हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा."

"म्हणजे माझे पेशंट बोलत नाहीत, आणि तुमच्यांना ऐकू येत नाही."

"जोडी बरी आहे," मी म्हणून गेले. आणि मग कुठली जोडी म्हणाले ते कळून माझेच कान तापले. त्याने पटकन खाली वाकून एका कुत्र्याच्या पिल्लाचे दात बघितले. ते पिल्लू नुसतं लसीकरणाला आलं होतं.

चौथ्या संध्याकाळी बाहेर भुरभुर पाऊस होता. एक सडपातळ वयस्कर गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन आले होते. कुत्र्याचं तोंड पांढरं पडलेलं, डोळे मधासारखे.

"हल्ली फार हट्टी झालाय," ते म्हणाले. "दहा हाका मारल्या तरी ढिम्म हलत नाही. परवा तर मी पट्टा उगारला त्याच्यावर. मारला नाही... पण उगारला."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधल्या किल्ल्या काढल्या, कुत्र्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि त्या खुळखुळवल्या. काही नाही. टाळी वाजवली, तरी काही नाही.

"आता तुम्ही बोला," मी डॉक्टरला म्हटलं. "अगदी खालच्या, जाड आवाजात."

"काय बोलू?"

"काहीही."

तो कुत्र्याच्या मागे गुडघ्यावर बसला आणि ढगासारख्या आवाजात म्हणाला, "काय रे बाबा... रागावलास होय आमच्यावर?"

पांढऱ्या तोंडावरचा एक कान हलला. मग मान वळली. शेपटी एकदा जमिनीवर आपटली, मग दुसऱ्यांदा.

"बारीक आवाज गेलेत त्याचे," मी त्या गृहस्थांना सांगितलं. "जाड आवाज अजून थोडे पोचताहेत. जवळ जाऊन, आवाज खाली आणून हाक मारा. नाहीतर जमिनीवर पाय आपटा, तो येईल."

ते कुत्र्याशेजारी फरशीवरच बसले.

"मी चिडत होतो," ते म्हणाले. "आणि त्याला वाटत असेल, हा माणूस माझ्याशी बोलायचाच थांबला."

ते गेल्यावर आम्ही दोघांनी एकाच बेसिनवर हात धुतले. त्याने टॉवेल पुढे केला. मी हात पुसले... पण टॉवेलचं दुसरं टोक त्याने सोडलंच नव्हतं. बाहेर पन्हाळीतून पाणी गळत होतं आणि आम्ही दोघं एका ओल्या टॉवेलची दोन टोकं धरून उभे होतो, जणू तो पिळायचा आहे.

"मोठे डॉक्टर पुढच्या आठवड्यात परत येतील," तो एकदम म्हणाला. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं. मी बदली डॉक्टर आहे. तुम्ही जहाजावरून याल, तेव्हा मी दुसऱ्या कुठल्यातरी गावात असेन."

टॉवेल माझ्या हातून सुटला.

"सामान?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

त्याने खुंटीवरची एक करडी बॅग काढून काट्यावर टाकली. सहा किलो. "सगळं मिळून. स्टेथोस्कोप धरून."

"बस? एवढंच?"

"लहानपणी आधी मामाकडे होतो, मग काकांकडे, मग वसतिगृहात," तो सहज म्हणाला, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. "एक कळलं. आपली बॅग हलकी असली ना, की 'जा' म्हणणाऱ्यालाही जड जात नाही."

त्या रात्री जेवताना आईने दोनदा विचारलं, भाजी अळणी झालीय का म्हणून. मी अजून घासच घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माझी बॅग खाली नेली. निघायला एकच दिवस उरला होता. काट्यावर सतरा किलो! त्या दिवशी तो हसला नाही.

"उघडू?"

मी मान डोलावली. त्याने एकेक वस्तू टेबलावर ठेवली. आईची किटली, उशी, दोरी. भावाचे डंबेल्स. भावजयीचे तीन जोड आणि केस वाळवायचं मशिन. ज्याच्या बॅगेत जे मावलं नाही, ते 'ताईच्या बॅगेत टाक' म्हणत इथे येऊन पडलं होतं.

"यात तुमचं काय आहे?"

मी शोधलं. तळाशी एक टूथब्रश सापडला.

"तुम्ही नाही म्हणत नाही कधी?" त्याचा आवाज मऊ होता, आणि तेच मला लागलं.

"तुम्हाला काय कळणार!" मी फटकन म्हटलं. "घरात माणसं असली की त्यांचं उचलावं लागतं. तुम्ही कधी कुणाचं काही उचललंयत? सहा किलो घेऊन हिंडता आणि त्यालाच शहाणपण समजता!"

त्याने सगळं नीट घडी करून पुन्हा बॅगेत भरलं. चेन लावली. मी जिना चढले तेव्हा बॅगेपेक्षा माझी जीभ जड झाली होती.

घरी सगळे टीव्हीसमोर होते. मी टीव्ही बंद केला, जेवणाच्या टेबलावर बॅग उपडी केली आणि म्हणाले, "ज्याचं त्याने घ्या."

भाऊ हसला. मग माझा चेहरा बघून सावरून बसला.

"अगं ताई, पण डंबेल्स... माझ्या बॅगेत बसत नाहीत ते."

"मग घरी बसतील."

भावजय उठून टेबलाशी आली. "ताई... तुझे कपडे कुठे आहेत?" तिने ते तीन जोड उचलले, तिचे डोळे भरले होते. "मला कसं कळलं नाही गं? रोज बघत होते मी."

आईने किटली जवळ घेतली. तिच्या छातीवरच्या टाक्यांच्या व्रणावर तिचा हात आपोआप जातो, तसा गेला. "आम्हाला वाटायचं, तुला आवडतं सगळ्यांचं करायला."

"आवडतं गं आई. पण सगळंच नाही."

"मग सांगायचंस ना, बाळा," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. मग तिने दोरी आणि चिमटे उचलून फडताळात ठेवून दिले. "जाऊ दे वारा फुकट."

सकाळी टॅक्सी यायच्या आत मी खाली गेले. तो पिंजरे धूत होता. पायात रबरी बूट, कपाळाला साबणाचा फेस.

"काल मी नको ते बोलले," मी म्हटलं. "त्याची माफी मागते. आणि अजून एक..." आदल्या संध्याकाळी टीव्ही बंद केलेला माझा हात मला आठवला. "मी परत येईन तेव्हा तुम्ही इथे नसाल. मला ते आवडलेलं नाही. अजिबात आवडलेलं नाही. तुम्हाला सांगून ठेवते."

नळ चालूच होता. तो नुसता बघत राहिला. त्याचे ओठ हलले... पण वरून भावाने हाक मारली, टॅक्सीने हॉर्न दिला.

"नीट जा," एवढंच तो म्हणाला.

जहाज पांढरंशुभ्र होतं आणि समुद्र डोळ्यांत मावत नव्हता. माझ्या बॅगेत चार कपडे, एक पुस्तक आणि भरपूर मोकळी जागा होती. भाऊ जिने चढून-उतरून व्यायाम करायचा. भावजय एकाच जोडीवर खूश होती. मी मात्र कठड्याशी उभी राहून लाटा बघत राहायचे.

तिसऱ्या दिवशी आई शेजारी येऊन उभी राहिली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते.

"कोण गं तो?"

"कोण?"

"घरातल्या काट्यात नवे सेल मी दुसऱ्याच दिवशी घातले होते. तुझ्यादेखत." ती समुद्राकडेच बघत होती. "तरी रोज बॅगा घेऊन खाली जात होतीस. मी म्हटलं, बघू या किती वजन होतंय ते."

मला हसूही आलं आणि रडूही. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो निघून गेला असेल, हेही सांगितलं.

"तू बोललीस ना? मग झालं तर. पुढचं त्याचं त्याला बघू दे. तेही तूच नको उचलूस."

परत आलो त्या दिवशी मी बॅग वर न नेताच दवाखान्यात शिरले. खुर्चीत मिशीवाले डॉक्टर बसले होते. खुंटी रिकामी होती.

मला वाटलं, पायाखालची फरशी अजून जहाजासारखी हलतेय.

"बदली डॉक्टर... गेले का?" मी विचारलं.

"तो होय? तो सकाळचा बसतो आता," मोठे डॉक्टर म्हणाले. "मीच म्हटलं, माझा गुडघा अर्धाच दिवस चालतो. आधी नको म्हणाला होता. मग गेल्या आठवड्यात स्वतःच येऊन विचारलंन, अजून जागा आहे का. समोरच्या गल्लीत खोली घेतलीय, शेवटचा मजला. आज कपाट आणतोय म्हणे. एवढा मोठा घोडा, आणि मला विचारतो, कपाट बघून घ्यायचं म्हणजे नेमकं काय बघायचं!"

शेवटचं वाक्य मी दारातून ऐकलं.

समोरच्या गल्लीतल्या त्या इमारतीचा जिना अरुंद होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी कपाट तिरकं अडकलं होतं, आणि त्याच्या मागून कुणीतरी धापा टाकत होतं.

"कोण आहे?" कपाटाने विचारलं. "जरा... खालची बाजू धरता का?"

"नाही," मी म्हटलं.

धापा थांबल्या. कपाटाच्या कडेवरून आधी केस दिसले, मग कपाळ, मग डोळे. डावा गाल हसला. उजवा मागाहून.

"एवढं मोठं कपाट?" मी विचारलं. "सहा किलोसाठी?"

"दुकानदार म्हणाला, दोघांचे कपडे बसतात."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं..." त्याने कपाट खांद्याने सावरलं. "विचारून सांगतो."

"पण कपाट तर घेऊन आलात."

"हो. विचारायचं राहिलंय. त्या सकाळी नळ बंद करेपर्यंत टॅक्सी निघून गेली होती. मला पटकन नाही जमत... कुणी 'राहा' म्हटल्यावर काय बोलायचं असतं, ते मला माहीतच नव्हतं."

"आता माहीत झालं?"

"थोडंफार. राहशील माझ्याबरोबर? लगेच नाही... तुझ्या घरी येऊन, आईंशी बोलून. पण... राहशील?"

'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, ते त्यालाही कळलं नसावं. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि एक काकू हातात पिशवी घेऊन कठड्यावरून वाकल्या.

"अहो, काय चाललंय हे? आम्ही खाली उतरायचं कसं?"

"दोनच मिनिटं, काकू!" तो कपाटामागून ओरडला. "एक उत्तर यायचंय."

मी ओढणी कमरेला खोचली आणि कपाटाची खालची बाजू दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हो," मी म्हटलं. "आता उचल."