दार लावणारा मुडदा

पार्सल परत आलं होतं. नव्या कुरिअरवाल्याने वर लिहिलं होतं – इमारत बंद आहे, इथे कुणी राहत नाही.

लेखिकेने पत्ता पुन्हा वाचला. जुनं इस्पितळ, दुसरा मजला. तिच्या पुस्तकाला मागणी येत होती ती फक्त इथूनच! आधीचा कुरिअरवाला बिचारा फाटकापाशी पार्सलं ठेवून जायचा, आणि ती नाहीशी व्हायची. कोण नेत होतं ती?

"राहत नसतील, पण वाचतात ना?" मावशी म्हणाली. "आपल्याला तेवढं पुरे."

पुरे कसलं! हे पुस्तक तिने स्वतः छापलं होतं. प्रकाशकांच्या दारी खेटे घालून चपला झिजल्या, पण सगळ्यांचं पालुपद एकच – झोंबींची गोष्ट ना, मग रक्त कुठाय? शेवटी त्या मुडद्याला मारा, मग बघू. तो मुडदा मारायला तिचं मन धजेना. मग मुखपृष्ठ तिचं, खपवणं तिचं, पार्सलांना चिकटपट्टी मावशीची. लेखक आपणच, प्रकाशक आपणच. आता वाचकही आपणच व्हायचं की काय, अशी वेळ आली होती.

तो मुडदा तिला सापडला होता टीव्हीवर. मावशी-भाचीची झोंबींची मालिका एक दिवस चुकायची नाही. एका भागात मुडद्यांची झुंड दार फोडून घरात घुसली. सगळ्यांत मागचा एक जण आत आला, वळला, आणि ते मोडकं दार त्याने हळूच लावून घेतलं... मग पाय ओढत माणसं खायला निघाला. मावशीच्या ते लक्षातही आलं नाही. लेखिकेचा मात्र जीव तिथेच अडकला. मेल्यावरही दार लावायची आठवण राहिलेला हा कोण? त्याच्यावरच तिने अख्खं पुस्तक लिहिलं.

पार्सल घेऊन ती स्वतःच निघाली. दुपार असूनही धुकं उतरलं होतं. इस्पितळाच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, जिन्यात ओल आणि फिनेलचा वास. दुसऱ्या मजल्यावर ती पोचली आणि थबकली.

लांबलचक बोळात बाकांवर मुडदे बसले होते. राखाडी कातडी, सडलेले गाल, एकाचा तर जबडाच लोंबत होता. कुणी हलत नव्हतं, बोलत नव्हतं. आणि प्रत्येकाच्या हातात तिचं पुस्तक होतं. कुणीतरी पान उलटलं... तेवढाच काय तो आवाज.

तेवढ्यात मागचं दार करकरलं. पाय ओढत कुणीतरी आत आलं, थांबलं, आणि दार हळूच लागलं. मागे न बघताच तिला कळलं.

"घाबरलात?" गाल हाताने दाबून धरत घोगऱ्या आवाजात मुडद्याने विचारलं. "लिहिणाऱ्याही तुम्हीच आणि घाबरणाऱ्याही तुम्हीच?"

मग एकेक उलगडा झाला. मालिकेचं चित्रीकरण इथेच चालायचं. सकाळपासून रंग आणि रबर चढवलेलं, बोललं की गाल गळून पडणार. म्हणून मधल्या सुट्टीत मुडदे गप्प बसायचे. पुस्तक याने सहज मागवलं, वाचलं, आणि हा तर आपणच, हे ओळखून बाकीच्यांसाठीही एकेक करून मागवत गेला. दार लावायची सवय आईमुळे लागलेली. तिला दमा होता, गार वारा सोसायचा नाही. त्या दिवशी दिग्दर्शकाने शिव्या घातल्या, पण तेवढा तुकडा चुकून मालिकेत राहून गेला.

"इतक्या गर्दीत तुम्ही मुडद्यावर भाळलात?"

"मुडद्यावर नाही... दार लावणाऱ्यावर," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

तो हसला असावा. रबराखाली कळायला मार्ग नव्हता. डोळ्यांतही पांढऱ्या काचा.

"एक विचारू? पुस्तकाच्या शेवटी तो दार लावून बाहेरच उभा राहतो. त्याला आत ये म्हणायला कुणीच नव्हतं?"

खरं तर, तो शेवट तिने स्वतःवरूनच लिहिला होता.

आज त्याला जाळणार होते – म्हणजे मालिकेत. उद्यापासून रंग नाही. उद्या ग्रंथालयात तिचं पुस्तकविक्रीचं टेबल लागणार होतं, हे त्याला पार्सलातल्या चिठ्ठीवरून ठाऊक होतं.

"येईन मी, तोंड धुऊन. पण मी कोण ते सांगणार नाही."

"आणि मी ओळखलं नाही तर?"

"तर तुम्हाला मुडदाच आवडला होता, असं समजेन. पुस्तक घेईन आणि जाईन."

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. त्याचंच खरं निघालं तर? तरी सकाळी तिने मनाशी ठरवलं – दारावर नजर ठेवायची, बस्स! पण ग्रंथालयाच्या रखवालदाराने दार उघडं राहावं म्हणून वीट लावून ठेवलेली. तिने वीट काढली, त्याने पुन्हा लावली. लोक आत कसे येणार ताई, म्हणाला. आता काय कपाळ!

दिवसभर धुकं हटलं नाही. त्या राखाडी उजेडात माणसं पाय ओढत टेबलांमधून फिरत होती, पुस्तक उचलत होती, रिकाम्या डोळ्यांनी खाली ठेवत होती. तिला सगळेच मेलेले दिसू लागले. यातला जिवंत कोणता?

संध्याकाळी गर्दी ओसरली. निळ्या स्वेटरमधल्या एकाने तिचं पुस्तक उचललं, थेट शेवटचं पान काढून वाचलं आणि पैसे पुढे केले. त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघतच तिने पुस्तक पिशवीत घातलं. तो क्षणभर रेंगाळला. अजून काही हवंय का, तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

रखवालदार आता वीट उचलून आवराआवरीला लागला होता. गार वारा आत घुसला. कुणीतरी बाहेर पडलं... आणि दार हळूच, आवाज न करता लागलं. बाहेरून.

शेवटचं पान!

"अगं, चप्पल तरी घाल," टेबलामागून मावशी म्हणेपर्यंत ती दारापाशी होती. दार उघडलं तर पायऱ्यांवर नुसतं धुकं, आणि धुक्यात विरत चाललेली एक पाठ. तिच्याच पुस्तकाचा शेवट तिच्यासमोर उभा होता.

"आत ये," ती म्हणाली.

पाठ थांबली, वळली. साधा चेहरा, दमलेला. कानामागे राखाडी रंग राहून गेलेला.

"कुणाला म्हणताय? त्याला की मला?"

"आधी ओळखलं नाही मी. चुकलं माझं," ती म्हणाली. "पण मला तूच हवा आहेस. वारा लागतोय... आत ये ना."

तो पायऱ्या चढून आला. तिच्यापाठोपाठ आत गेला, आणि मागे वळून त्याने दार लावलं – या वेळी आतून.