बिनपाण्याचा कुकर

चूक रागिणीची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मूर्तिजापूरच्या बसस्थानकावर ती पाणी भरायला उतरली आणि डोळ्यांवरची झोप तशीच घेऊन समोरच्या लाल गाडीत चढली. खिडकीजवळची जागा दिसली, बसली, आणि बाटलीचं झाकण लावायच्या आत तिचे डोळे मिटलेसुद्धा. तिची गाडी लालच होती म्हणा. पण या गाडीचं तोंड अकोल्याकडे होतं, आणि रागिणी तर सकाळीच अकोल्याहून निघाली होती.

"मॅडम..."

ती हलली नाही.

"मॅडम, झोपा तुमी. फक्त माह्या डब्यावरून उठा."

रागिणी दचकून उठली. समोर चहाचा कागदी कप हातात घेऊन एक सावळा, जागरणाने डोळे सुजलेला तरुण उभा होता. सीटवर कापडी पिशवी होती, आणि पिशवीतल्या डब्याचं झाकण पार आत दबलं होतं.

"ही अमरावतीची गाडी नाही?"

"अमरावतीवरून आली, हे खरं हाये. पण आता चालली अकोल्याले."

तेवढ्यात पलीकडच्या गाडीची घंटी वाजली. रागिणीची पर्स, डबा, ओढणी, सगळं त्या गाडीत. ती धावली, पण तिच्याआधी तो धावला आणि चहा सांडत सांडत दाराचा दांडा धरून उभा राहिला. ती चढली. गाडी वळताना तिने मागे पाहिलं तर तो आपल्या गाडीच्या खिडकीत डबा उघडून आतल्या नुकसानीचा अंदाज घेत होता.

दुसऱ्या दिवशी बाटली भरलेली असतानाही रागिणी मूर्तिजापूरला उतरली. पाय मोकळे करायला, असं तिने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काहीही सांगू शकतो.

"पोळ्यांचं काय झालं?" तिने विचारलं.

"त्या तशाबी चपट्याच होत्या," तो म्हणाला.

त्याचं नाव किशोर धांडे. राहायला अमरावतीत, नोकरी अकोल्यात, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घ्यायचं, हे त्याचं काम. रागिणी काळमेघ राहायला अकोल्यात, नोकरी अमरावतीत, एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. दिवसभर उभं राहून लोकांच्या दंडाला रबर बांधायचं आणि शीर शोधायची, हे तिचं. तिच्या घरी एकटी आई होती, म्हणून अकोला सुटत नव्हतं. त्याच्या घरी आईवडील, दोन भाऊ, भावजया आणि एकच न्हाणीघर होतं, म्हणून अमरावती सुटायला हवी होती, पण तीही सुटत नव्हती. दोघंही रोज एकमेकांचं गाव गाठायचे आणि मध्ये मूर्तिजापूरला, दोन्ही गाड्या थांबल्या की, चहा पिण्याएवढा वेळ समोरासमोर यायचे.

"तुमी दोघं नोकऱ्याच बदलून घ्या ना बाप्पा," चहावाल्या नत्थुजींनी एकदा वैतागून म्हटलं. "मले रोज ते पाहूनच थकवा येते."

प्रेम वगैरे म्हणण्याइतकी ताकद दोघांतही नव्हती, असं रागिणीला सुरुवातीला वाटायचं. तो जांभई द्यायचा, मग ती द्यायची, मग दोघं हसायचे. एखाद्या दिवशी तर ते काही बोलायचेच नाहीत. नुसते बाकावर शेजारी बसायचे आणि आपापल्या कपातली वाफ बघायचे. पण ज्या दिवशी त्याची गाडी उशिरा आली, त्या दिवशी रागिणीला लॅबमध्ये एका आजोबांची शीर तीनदा टोचूनही सापडली नाही. तेव्हा तिला कळायचं ते कळलं.

पौषात एका सकाळी अवकाळी भुरभुर सुरू झाली. स्थानकाच्या छपराखाली टोपलीत पेरू घेऊन एक बाई बसायची. वऱ्हाडात त्याला जाम म्हणतात. त्या पावसात त्यांचा वास सगळ्या फलाटावर पसरला होता. किशोरने दोन घेतले. रागिणी फोनवर काहीतरी पाहत होती.

"काय पायतं?"

तिने फोन त्याच्यापुढे धरला. कुठल्या तरी परदेशी स्वयंपाकघरात एक बाई भट्टीतून काचेचं भांडं काढत होती. खाली शिजलेली फळं, वर खमंग तांबूस भुगा. बाईने चमचा मारला, कवच कुडकन मोडलं आणि आतून वाफ आली.

"रोज पायतो मी हे," रागिणी म्हणाली. "गाडीत बसल्या बसल्या. डबा थंड खातो, रात्री घरी पोचलो की झाकून ठेवलेलं थंड खातो. असं गरम गरम, कोणी समोर आणून ठेवलेलं... कधी खाल्लं होतं तेच आठवत नाही."

किशोरने ते भांडं पुन्हा पाहिलं. "हे डब्यात आणता नाही येणार."

"नाही ना. निवलं की मजा गेली."

"म्हणजे घरीच खा लागते."

पावसाचा एक थेंब छपरावरून तिच्या मनगटावर पडला. त्याने तो बोटाने पुसला, अगदी सहज, आणि मग दोघंही उगाचच टोपलीतल्या जामांकडे पाहायला लागले.

"रागिणी," घंटी वाजता वाजता तो म्हणाला. आजवर तो तिला मॅडमच म्हणत होता. "लग्न करतं काय माह्याशी?"

"थकली मी, किशोर," ती म्हणाली, आणि गाडीत चढली.

हे काही उत्तर नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं. पण खोटंही नव्हतं. तो तिला आवडत होता, त्याबद्दल शंका उरली नव्हती. भीती लग्नाचीच होती. तिच्या लॅबमधल्या पायलचं लग्न झालं आणि तिचा अलार्म एक तास आधी वाजायला लागला. सासरच्यांचा चहा, दोन डबे, आणि मग आठ तास उभी. सून म्हणून कोणी छळत नव्हतं तिला. सगळे चांगलेच होते, फक्त सगळे बसलेले होते. लग्न म्हणजे आणखी एक ड्यूटी, तीही बिनसुट्टीची, असं रागिणीच्या मनाने घेतलं होतं. आणि तिच्या अंगात आता तेवढं उरलं नव्हतं.

किशोरने पुन्हा विचारलं नाही. मात्र पुढच्या आठवड्यात म्हणाला, "रविवारी तुमच्या घरी येऊ काय? ते फळांचं करून पायतो. पसंत पडलं तं सांग, नाही पडलं तं तेही सांगून टाक. एकदाचा निकाल लावू."

रविवारी दुपारी तो आला. पिशवीत जाम, गूळ, केकचं ॲल्युमिनियमचं भांडं आणि चांगला दोन किलो मीठ. रागिणीच्या आईने, जयवंताबाईंनी, पिशवीत डोकावून पाहिलं.

"पाहुणा मीठ घेऊन येते काय कुठं?"

"मावशी, भट्टी नाही ना आपल्याकडे. कुकरात मीठ पसरवाचं, शिट्टी काढाची, रबर काढाचं, वर भांडं ठेवाचं. झाली भट्टी."

"हातात देऊ नको. खाली ठेव. मीठ हातोहात घेतलं की भांडण होते." मग लेकीकडे पाहत कुकरला उद्देशून म्हणाल्या, "लोक मुलगी पाहाले येतात तं पोहे खाऊन जातात. हा सैपाक करून राहिला." लेकी बोले सुने लागे, दुसरं काय.

किशोरने जाम चिरले, चमच्याने बिया काढल्या, गूळ किसून त्यावर टाकला. कणकेत तूप घालून मुठीत मुटका वळेपर्यंत चोळलं. रागिणी ओट्याला टेकून पाहत होती. मदतीला हात पुढे केला तर त्याने कोपराने बाजूला सारला.

"जा, पाठ टेक जराशी."

"पाहुणा घरात आणि मी झोपू?"

"आरशात डोळे पाय तुह्ये. सकाळच्या गाडीत असतात तसे झाले."

पाचच मिनिटं, असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

जाग आली तेव्हा आई देवाजवळ दिवा लावत होती. रागिणी ताडकन उठली. बाहेर संधिप्रकाश, गालावर उशीची घडी, आणि स्वयंपाकघरातून भाजल्या कणकेचा, गुळाचा वास. शरमेने तिचे कान तापले. पाहुणा दुपारचा आलेला, आणि घरची पोरगी घोरत पडलेली!

स्वयंपाकघरात किशोर जमिनीवर, भिंतीला टेकून बसला होता. न्हाणीत एका घमेल्यात चिखलासारखं ओलं मीठ होतं.

"हे काय झालं?"

"तुह्या आईले विचार," तो हळू आवाजात म्हणाला.

"मी काय केलं?" जयवंताबाईंनी तितक्याच हळू आवाजात दारातून सांगितलं. "हा वेलदोडे आणाले दुकानात गेला. मी झाकण उघडून पायलं, तं कुकरात पाण्याचा थेंब नाही. म्हटलं पोरगं विसरलं, कुकर फुटून जाईन. दोन गिलास वतलं. कसं चर्रर झालं, माय! मीच मागं सरली."

"जामाची खीर झाली मावशी. बाकी चव चांगली होती."

"मंग तूच खाल्ली ना पुरी."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, पण किशोर डगमगला नव्हता. पुन्हा मीठ आणलं, पुन्हा जाम चिरले, पुन्हा भाजलं. ते होऊनही बराच वेळ झाला होता. निवायला लागलं की तो गॅस बारीक करून कुकर परत चढवत होता.

"मले उठवलं काऊन नाही?" रागिणीने विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चिडका निघाला.

"मी चालली होती उठवाले," आई म्हणाली. "यानं दार अडवलं. अमरावतीची गाडी गेली, त्याच्यानंतरची बी गेली. पण हा काही हलू देत नाही." आणि तुळशीला पाणी घालायचं निमित्त करून त्या अंगणात गेल्या.

किशोरने फडक्याने धरून भांडं बाहेर काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. चमचा मारला. कवच मोडलं, खालून गुलाबी जाम दिसले, आणि वाफ थेट रागिणीच्या चेहऱ्यावर आली. कडेला थोडं करपलं होतं. पहिल्या घासाला तिची जीभ पोळली, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. ते जिभेमुळे नव्हतं. खूप दिवसांत तिच्यासाठी कोणी काही गरम ठेवलं नव्हतं. आणि तिला असं निवांत झोपूही दिलं नव्हतं.

"कसं हाये?"

"करपलं जरा."

"दोन-तीनदा चढवलं ना." तो फडकं घेऊन पुन्हा भिंतीशी बसला. "खरं सांगू? हे रोज जमणार नाही मले. मीबी थकतो. एखाद्या दिवशी मी असाच पडून राहीन, तुलेच उठा लागेल. वरणभाताले कंटाळा आला तं नुसतं दूधपोळी खाऊ. पण तू उठल्याशिवाय घर हलत नाही, असं मात्र नाही होणार."

"आईले सोडून मी येत नाही कुठं."

"सोड कोण म्हणते? मूर्तिजापुरात खोल्या पायल्या मी. तिघांना पुरतात. तुह्या अर्ध्या रस्त्यावर, माह्या अर्ध्या रस्त्यावर. दोघांचाबी अलार्म एक तास उशिरा."

"पायल्याबी?" उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते चमच्यासोबत गिळलं. "म्हणजे माह्या उत्तराच्या आधीच?"

"पाहाले काय लागते," तो म्हणाला, आणि त्याने डोकं भिंतीला टेकलं.

रागिणी खात राहिली. सावकाश, कोणी उठायला सांगणार नाही अशा बेताने. कवचाचा एकेक तुकडा गुळात बुडवून. अंगणात आई शेजारणीशी बोलत होती, ते कानावर येत होतं आणि येतही नव्हतं. तिला वाटलं, थकवा तर जाणार नाही. उद्या गाडी आहे, परवा गाडी आहे, लॅबमध्ये रांग आहे, शोरूममध्ये तक्रारी आहेत. पण आज दुपारी त्याच्या भरवशावर ती निर्धास्त झोपली होती. तिचं तिलाच नवल वाटलं. मग सगळं एकदम सोपं झालं.

"थकाचं तं हायेच, किशोर," ती भांड्याकडे पाहत म्हणाली. "ते काही सुटत नाही. पण मंग... दोघं मिळून थकू. करतो मी लग्न तुह्याशी."

तिने मान वर केली. किशोर बसल्या जागी झोपला होता. फडकं हातात, तोंड किंचित उघडं, कपाळावर कणकेचा पांढरा डाग. इतक्या दिवसांनी तोंडातून शब्द निघाला, आणि ऐकायला कोणी नाही. रागिणीला हसू आलं. तिने हात लांब करून त्याच्या कपाळावरची कणीक पुसली.

"ऐकलं मी," डोळे न उघडताच तो पुटपुटला. "पुन्हा एकदा म्हण."

"आता नाही," रागिणी म्हणाली. "झोप तू."