काळ्या डेलियाचे कंद

"जरा तेवढा दांडा धर ना!"

ओतिलिया पावसातून धावत निघाली होती, ती कुंपणापाशी थबकली. आत एक तरुण चिंब भिजून उभा होता. पाण्याच्या भारानं वाकलेला डेलिया त्यानं एका हातानं सावरला होता, दुसऱ्या हातात सुतळी. फूल गर्द तांबडं, जवळजवळ काळं.

"ओळख ना पाळख, अन् थेट हुकूम?"

"ओळख मग करू. आधी हा मोडेल."

तिनं दांडा धरला. गाठ मारताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... गाठ मारायला उगाच फार वेळ लागला.

त्याचं नाव एवारिस्तो. तो गर्द रंग त्याच्या आईनं जोपासलेला. आई वर्षापूर्वीच गेली होती. पावसाळा संपेपर्यंत ओतिलिया त्या कुंपणाशी कितीदा थांबली, याचा हिशेब प्वेब्ला प्रांताच्या डोंगरातल्या त्या गावानं नीट ठेवला होता.

जानेवारीत तो सीमेपलीकडे, कॅलिफोर्नियात मजुरीला निघाला. जाताना त्यानं सगळे कंद उकरून तिच्या हवाली केले. "कोरड्या वाळूत ठेव. एप्रिलमध्ये लाव. आईचं एवढंच उरलंय माझ्याजवळ."

तिनं टोपली स्वयंपाकघराच्या थंड कोपऱ्यात ठेवली. तिथंच चुकलं.

ईस्टरआधीच्या उपासांत ब्रिहिदाआत्या राहायला आली. त्या दिवसांत मांस वर्ज्य. दुपारी तिनं गुळात शिजवलेलं काहीतरी गोड वाढलं.

"आणखी घे गं, लाजतेस काय?"

ओतिलियानं आणखी घेतलं. बोटंसुद्धा चाटली. "आत्या, रताळी कुठून आणलीस?"

"रताळी कसली? कोपऱ्यातल्या टोपलीतले डेलियाचे कंद. लहानपणी आम्ही रानातून उकरून खायचो. का गं... रडतेस का?"

एकही कंद उरला नव्हता.

एवारिस्तोचं पत्र दर पंधरा दिवसांनी येई. कंद कसे आहेत? कोंब आले का? ती लिही – ठीक आहेत. आले. बाजारातल्या एका म्हातारीकडे तिला तशाच गर्द रंगाच्या डेलियाचा कंद मिळाला होता. तो तिनं लावला, जिवापाड जपला, शेंडे खुडले, गोगलगायी वेचल्या. प्रत्येक पत्र टाकून आल्यावर मात्र तिला जेवण जाईना.

ऑगस्टमध्ये तो आला, तेव्हा पहिलं फूल उमललं होतं. हुबेहूब तेच. त्यानं टोपी काढली आणि नुसता बघत राहिला.

"आईच बसलीय असं वाटतं," तो हळूच म्हणाला.

आता गप्प राहिलं, तर जन्मात कुणाला कळणार नव्हतं. ओतिलियाला ते ठाऊक होतं...

"हे तुझ्या आईच्या कंदांचं नाही, एवारिस्तो. ते कंद आम्ही खाल्ले."

"काय?"

"आत्यानं नकळत शिजवले. आणि मी – मी दोनदा वाढून घेतलं."

 तो टोपीची कड बोटांत फिरवत राहिला. डोळे भरून आले होते, ते त्यानं लपवलेही नाहीत.

"मग पत्रात का नाही लिहिलंस?"

"कंदच नाहीत म्हटल्यावर तू कशाला लिहिलं असतंस? पत्रं थांबली असती... ते मला सोसलं नसतं."

एवारिस्तोनं मान वर केली.

"वेडे, दिवसभर टोमॅटो तोडून पाठ मोडल्यावर, कंदिलापाशी बसून माणूस कंदांची चौकशी करतो होय?"

"मग सरळ का नाही लिहिलंस?"

"तू तरी कुठं लिहिलंस?"

 ती ओल्या मातीवरून दोन पावलं टाकून त्याच्यासमोर आली.

"आता तर समोर आहेस," ती म्हणाली. "सांग."

आणि त्यानं सांगितलं – अडखळत, दोनदा चुकत, पण अगदी शेवटपर्यंत.