फळीवरचा सतरा नंबर

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय हे, आणि यात माझ्या पदरचं काही नाही.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन.

मामा-मामी पाठीवर सॅक टाकून महिनाभर भटकायला निघाले होते. वाटेतल्या जंगलातला एक धबधबा मामाला टाळायचा होता, पण मामी हटून बसली.

"एवढ्या लांब येऊन तोच बघायचा नाही? खातो की काय तो आपल्याला?"

मामा काय बोलणार? नऊ वर्षं तोंडाला कुलूप होतं.

जंगलाच्या फाटकाशी एक फळी आहे. तिच्या खिळ्यांना नंबरचे पत्र्याचे बिल्ले. आत जाताना घ्यायचा, बाहेर पडताना परत लटकवायचा. फळी भरली की चौकीदार फाटक बंद करतो.

नऊ वर्षांपूर्वी मामा इथे मित्राबरोबर आला होता. मित्र चांगला सहा फुटी, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणायचे. धबधब्यापाशी दोघांचं कडाक्याचं वाजलं. लांब्या रुसून तिथेच बसला. दोघांचे बिल्ले मामाच्या सॅकमध्ये होते. मामाने रागाच्या भरात दोन्ही लटकवले. राहू दे रात्रभर आत, चांगली जिरेल!

लांब्या परत आलाच नाही.

"माझ्याबरोबरच बाहेर पडला," असं मामाने घाबरून सांगून टाकलं. सगळ्यांनी लांब्याला गावभर शोधलं. जंगलात कुणी गेलंच नाही.

आता तेच पाणी समोर कोसळत होतं. मान मोडेल इतक्या उंचावरून. भोवती झाडी अशी दाट, की भरदिवसा अंधारलेलं. मामी हरखून दोन पावलं पुढे गेली.

आणि धबधब्याचा आवाज बंद झाला...

पाणी पडत होतं. आवाज नव्हता.

"आलास?" कुणीतरी मामाच्या कानाशी म्हणालं...

मग आवाज परतला. मामी नव्हती.

हाका मारून घसा बसला. मामा धावत फाटकाशी आला. एकच खिळा रिकामा होता, त्याचा स्वतःचा. मामीचा बिल्ला, नंबर सतरा, फळीवर होता.

त्यावरून पाणी ठिबकत होतं...

"बाई गेल्या की बाहेर," चौकीदार म्हणाला.

"तुम्ही पाहिलंत?"

"बिल्ला आहे ना! फळी कधी खोटं बोलते का?"

बोलते, हे मामाला माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार.



मग तो मामीला बस थांब्यावर शोधायला गेला. ती तिथे नाही हे पक्कं माहीत असून.

शेवटी परत येऊन त्याने चौकीदाराचे पाय धरले आणि सगळं ओकून टाकलं.

मामा, चौकीदार आणि गावातले दोघे असे चौघे दोर घेऊन आत गेले. मामी पाण्याच्या पडद्यामागे कपारीत सापडली. चिंब, पण जिवंत. मामा हमसाहमशी रडायला लागला. तिने हात झटकला.

"अर्धा तास लागला तुम्हाला खरं बोलायला."

"कोण... कोण म्हणालं?"

"शेजारी बसला होता तो. उंच माणूस. एकेक मिनिट मोजत होता. म्हणाला, मला नऊ वर्षं झाली, तुझ्यासाठी किती लागतात बघू."

मामी त्याच आठवड्यात माहेरी गेली, ती कायमची.

परवा मामाकडे गेलो होतो. तो भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता. एक, दोन, तीन...

"मामा, काय मोजतोयस?"

तो गप्प झाला.

मोजणं चालूच राहिलं...