घंटी काढायची जागा

पक्षी बघायला जाताना अप्पा सायकलची घंटी काढून रुमालात बांधत. मिरजगावपुढे माळ सुरू होतो तिथे, लंकाबाईच्या हॉटेलासमोर. खड्ड्यात घंटी वाजली की पाखरं उठतात. माळावर सायकल आडवी टाकायची, गवतात पालथं पडायचं, बोलायचं नाही. ज्याला पक्षी आधी दिसेल त्यानं दुसऱ्याच्या मनगटावर दोन बोटं टेकायची; दुसऱ्यालाही दिसला की त्यानं तळहात उलटा करायचा. मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर जायची; ती दोन बोटं कायम अप्पांचीच.

बाहत्तरच्या दुष्काळात त्यांना इथे माळढोक दिसला. नगरची पक्षी बघणारी मंडळी हसली. "मास्तर, उन्हात लांडोर मोठी दिसते!" अप्पांनी वाद घातला नाही. पुढच्या आषाढात ते गेले. भाद्रपदात मी त्यांची सायकल बाहेर काढली. तो पक्षी मला माझ्या डोळ्यांनी बघायचा होता.

लंकाबाईनं दोन कप चहा ओतला.

"मास्तर मागं ऱ्हायले का?"

"अप्पा गेले, मावशी. आषाढात."

किटली तिच्या हातातच राहिली. "अगं बया. हात आपसूक वळला बग." मग म्हणाली, "मास्तरांनी सांगितलं व्हतं मला. लांडोर म्हनली व्हय ती नगरवाली मंडळी? त्यास्नी सायकलीवर हितवर येऊन दावा म्हनावं!"

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

घंटी काढायला गेले, तर हॅन्डलवर ती नव्हती. गावाच्या वेशीपर्यंत वाजत होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. रस्ता खराब, स्क्रू जुना, पडली असणार. मागे जाऊन शोधली. मिळाली नाही.

माळावर सायकल आडवी टाकली. पालथी पडले. कुसळं टोचत होती, ओल्या मातीचा वास नाकात जात होता. वारा पडला. डावीकडचं गवत मात्र हळूहळू दबत गेलं. मी तिकडे पाहिलं नाही.

मग दूरवर पांढरी मान वर आली. डोक्यावर काळी टोपी. कमरेएवढा उंच नर, राजासारखा सावकाश चालत उघड्यावर आला. गळा फुगवून त्यानं खोल हुंकार दिला. छातीखालची जमीन घुमल्यासारखी वाटली.

अप्पांनी पाहिला होता तो हाच. माझा बाप खरं बोलला होता.

आणि आज तो आधी मला दिसला होता.

अभिमानानं ऊर भरून आला. नजर न हलवता, सवयीनं, मी डावीकडे हात नेला आणि दोन बोटं टेकली.

मनगट गार होतं.

ते सावकाश उलटं झालं. माझ्या हातात काहीतरी आलं, गोल, जड, रुमालात बांधलेलं.

रुमाल घामानं ओला होता.