झाकण आपोआप बसलं पाहिजे

कारखान्यात तिला सगळे नकारबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे म्हणायचे तेही तिला ऐकू जाईल इतक्याच अंतरावरून. तिला त्याचं वाईट वाटत नसे, उलट जरा बरंच वाटे. कारखाना भारी पुठ्ठ्याच्या पेट्यांचा. घड्याळांच्या, अत्तरांच्या, दागिन्यांच्या पेट्या. आत काय जायचं ते दुसऱ्यांचं, पेटी मात्र यांची. बाहेर पडायच्या आधी प्रत्येक मालाचा नमुना वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडकीपाशी, पांढऱ्या टेबलावर नकारबाईसमोर येऊन बसायचा. कोपऱ्यावर कागद सुटलाय का, सरस कुठे पाझरलाय का, छापलेलं अक्षर घडीत गेलंय का, हे ती आधी बोटांनी बघायची आणि मग डोळ्यांनी. नाकाने कांदे सोलते, असं खालचे लोक म्हणत. पण तिने पास केलेल्या मालाबद्दल आजवर तक्रार आली नव्हती, त्यामुळे मालकही तिच्या वाटेला जात नसत.

शेवटची परीक्षा झाकणाची. झाकण पेटीवर अलगद टेकवायचं आणि हात काढून घ्यायचा. सैल असलं तर ते धप्पकन पडतं. घट्ट असलं तर अर्ध्यावर अडकून बसतं, रुसलेल्या पाहुण्यासारखं. नेमकं असलं तर आतली हवा कडेकडेने निघत जाते आणि झाकण आपल्याच वजनाने सावकाश उतरत शेवटी फुस्स करून बसतं. तो आवाज तिला फार आवडे. दिवसभरात निदान एक काम जगात नीट झालं, असं तेव्हा तिला वाटे.

त्या आठवड्यात एका जुन्या सिनेमाच्या पेटीचं काम आलं. सिनेमाच्या चाहत्यांसाठी खास संग्राह्य आवृत्ती निघणार होती. चार डिस्क, जाड पुस्तिका, घडीचं पोस्टर, आणि हे सगळं निळ्या कापडी पेटीत. गिऱ्हाईक भलतंच हौशी होतं. "झाकण आपोआप बसलं पाहिजे," त्याने मालकांना बजावलं होतं. "थिएटरातले दिवे कसे हळूहळू मालवतात, तसं."

सिनेमा कोणता, हे नकारबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या सिनेमातला एक माणूस तिच्या घरातच होता, फक्त पडद्यावर तो कुणालाही दिसलेला नव्हता.

तिच्या बाबांनी उमेदीची वर्षं ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काढली. पडद्यावर दार आपटलं की ते बाबांनी आपटलेलं असायचं. जिना चढणारी पावलं बाबांची, कुलपात फिरणारी किल्ली बाबांची. आणि या सिनेमात तर नायकाचा श्वासच बाबांचा. नायक आजारी पडलेला, बायको उशाशी बसलेली, संवाद नाही की संगीत नाही, नुसता श्वास. नायकाचं काम करणाऱ्या नटाला तो काही केल्या जमेना. त्याला हसूच फुटायचं. शेवटी बाबांना गादीवर आडवं करून छातीशी माईक लावला. तेव्हाही त्यांची छाती जरा नाजूकच होती. श्वास आत जाताना मध्ये एक बारीकशी अडखळ, मग लांबलचक उच्छ्वास आणि त्याच्या टोकाला हलकीशी शीळ. "पडदा काळा होतो, तरी श्वास चालूच राहतो," बाबा सांगायचे. "लोक जागचे उठत नाहीत. नाव त्याचं, श्वास माझा."

आता ती छाती पार दमली होती. पलंगाजवळ प्राणवायूचं यंत्र घुरघुरत असे. आणखी एकदा कफ साठला तर निभणं कठीण, असं डॉक्टरांनी दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं. भाऊ कामानिमित्त कायम फिरतीवर, दिवसभर बाबांपाशी वहिनी. संध्याकाळनंतर नकारबाई. त्या दोघींचं सगळं आयुष्य त्या अडखळीला आणि त्या शिळेला टांगलेलं होतं. कारखान्यातही तिचा एक डोळा फोनवर असायचा. फोन वाजला तरी धस्स व्हायचं, आणि बराच वेळ नाही वाजला तरी व्हायचं.

पहिला नमुना मिस्त्रीने वर आणून ठेवला. मिस्त्री म्हणजे पेट्या बांधणारा मुख्य कारागीर, तिचा जुना भांडखोर मित्र. "बघा, आणि काढा खोड," तो म्हणाला.

कापड छान बसलं होतं, कोपरे नेटके होते. तिने झाकण टेकवलं आणि हात काढला.

झाकण उतरायला लागलं. मध्येच कणभर अडखळलं. मग एकाच लांब उताराने खाली आलं, आणि अगदी शेवटी हलकीशी शीळ वाजली.

तिने झाकण काढून पुन्हा टेकवलं. तीच अडखळ, तीच शीळ. शेल्फावरच्या अत्तराच्या, घड्याळाच्या पेट्या काढून त्यांची झाकणं सोडून पाहिली. ती सगळी शहाण्यासारखी फुस्स करून बसली. निळी पेटी तिने पुन्हा घेतली, पुन्हा सोडली. किती वेळा, ते तिला नंतर आठवेना.

"शीळ घालतंय," ती म्हणाली.

"बाई, हवा जाताना वाजणारच की!"

"दुसरं कर."

मिस्त्री कपाळाला हात लावून गेला. संध्याकाळी घरी पोचली तर वहिनी जिन्यातच उभी होती. "ताई, आज दुपारी बाबांना मधूनमधून असा दम लागत होता ना! आला तसा जायचा, परत यायचा. कशाने ते काही कळलं नाही." बाबा खुर्चीत बसून खालच्या सायकलच्या दुकानातली गंमत बघत होते. हवा भरायचा पंप तिथे फसफसत होता. त्यांनी तिच्याकडे बघून हात हलवला, पण चेहरा ओढलेला दिसत होता.

दुसरा नमुना नव्या मापाने बांधलेला होता. पुठ्ठा वेगळा, कापडाचा तुकडा वेगळा. झाकण उतरलं, अडखळलं, शीळ घालून बसलं. ती नकाराचा शेरा मारणार, एवढ्यात झाकण बोटभर वर आलं.

तिथे क्षणभर थांबलं आणि पुन्हा उतरलं.

पेटी रिकामी होती. टेबल हलत नव्हतं. खालचं कापायचं यंत्र जेवणाच्या सुट्टीमुळे बंद होतं. तिने खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. झाकण वर येत होतं, अडखळत होतं, उतरत होतं. तिने मिस्त्रीला हाक मारली. त्यानेही पाहिलं. थोडा वेळ डोकं खाजवलं. "हवा दमट आहे. पुठ्ठा फुगतो, आकसतो," तो म्हणाला. पण पेटीला हात न लावताच तो खाली गेला, आणि एरवी तो जाताना एखादा टोमणा मारल्याशिवाय जात नसे.

तिने घरी फोन लावला.

"वहिनी, बाबा काय करतायत?"

"डोळा लागलाय. का हो?"

"फोन त्यांच्या छातीपाशी धर. काही विचारू नकोस, धर."

तिने आपला फोन पेटीशेजारी ठेवला. आधी कपड्यांची सळसळ ऐकू आली, यंत्राची घुरघुर आली, मग बाबा. श्वास आत गेला, तसं झाकण वर आलं. फोनमध्ये अडखळ ऐकू आली, झाकण अडखळलं. शीळ दोन ठिकाणांहून एकदमच वाजली.

इथे खरं तर तिने थांबायचं. पण खात्री करून घेणं हाच तिचा पेशा, आणि हाडीमाशी खिळलेली खोड अशा वेळीच नेमकी उफाळून येते. झाकण खाली बसलं, तेव्हा तिने त्यावर एक बोट ठेवलं. दाबलं नाही. नुसतं ठेवलं.

फोनमध्ये यंत्र घुरघुरत राहिलं. बाकी काही नाही.

"ताई," वहिनीचा आवाज चिरकला. "ताई, यांना काय होतंय? बाबा! अहो बाबा!"

तिने बोट उचललं. झाकण उसळून वर आलं, आणि फोनमध्ये बाबा घशातून ओढल्यासारखे खोकले.

तिने झाकण काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. मग भिंतीला टेकून लहान मुलासारखी रडली.

संध्याकाळी मालकांनी तिला अडवलं. "उद्या सकाळी मला हो किंवा नाही ऐकायचंय. आणि या वेळी नाही म्हणालीस, तर कारण दे. गिऱ्हाईक माझं डोकं खातंय." कारण काय देणार होती ती! पेटी आणि झाकण दोन वेगवेगळ्या पिशव्यांत घालून तिने घरी नेलं. वाटेत गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही पिशव्या तिने पोटाशी धरल्या होत्या.

बाबांनी निळं कापड पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, माझा सिनेमा!" ती नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पेटी मांडीवर घेतली आणि झाकण बसवलं. ते वर आलं, उतरलं. बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले. स्टुडिओत ते अशीच मान तिरकी करत असावेत.

"हा मीच," ते म्हणाले. घाबरल्याचं नाव नाही.

तिने बोटाची गोष्ट सांगितली. ते खोकला येईपर्यंत हसले. मग तिचा हात धरून म्हणाले, "पास कर."

"नाही."

"अगं, जन्मभर दारं आपटली, पावलं वाजवली. मी होतो हे कुणाच्या गावीही नाही. त्या पुस्तिकेत तरी माझं नाव आहे का? नाही ना? आता घरोघर जाईन." त्यांनी छातीवर हात ठेवला. "पोरी, हा इथला दमलाय. तो तिथला अजून चांगला आहे. झाकण उत्तम आहे, उगाच खोड काढू नकोस."

तिने रात्रभर विचार केला, म्हणजे खरं तर रात्रभर ऐकत बसली. त्या पेट्यांतून बाबांना श्वास मिळत असेल तर मिळू दे, तिला बाबा हवे होते. सकाळी तिने नमुना पास केला. मालकांनी खालच्या लोकांना चहा पाजला.

माल तयार झाला, डिस्क भरून ट्रक गेले. बाबांनी मागितला म्हणून नमुना घरच्या शेल्फावर राहिला.

आणि बाबा बरे होऊ लागले. आधी खोकला गेला, मग शीळ गेली. यंत्र पलंगाखाली सरकलं. एक दिवस ते जिना उतरून सायकलवाल्याशी गप्पा मारून, जिना चढून परत आले, आणि धापसुद्धा लागली नव्हती. वहिनीने देवापुढे हात जोडले. नकारबाईच्या जिवात जीव आला. दाराशी उभं राहिलं तरी आता काहीच ऐकू येत नसे. निरोगी माणसाचा श्वास कुठे ऐकू येतो, असं तिने स्वतःला समजावलं. तरी ती दाराशी उभी राहायचीच.

एका सुट्टीच्या दुपारी बाबा खिडकीतल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. वाचता वाचता वर्तमानपत्र त्यांच्या छातीवर पडलं होतं. ती सहज बघत होती. मग सहज बघेनाशी झाली.

वर्तमानपत्र हलत नव्हतं.

ती जवळ गेली. वाकली. कान नाकापाशी नेला.

"काय ऐकतेस?" बाबांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते, आवाज ठणठणीत होता.

"काही नाही. बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"झकास. काही त्रासच नाही." ते हसले. "घ्यायची आठवणसुद्धा राहत नाही."

शेल्फावर झाकण वर आलं, अडखळलं, शीळ घालत उतरलं.

तेवढ्यात फोन वाजला. मालक होते, निम्मे वैतागलेले, निम्मे थट्टेत.

"बाई, तू पास केलेल्या मालाची पहिली तक्रार आली बरं का! एक नाही, ढीगभर. म्हणे झाकण नीट बसत नाही, मधूनच वर उठतं. दमट हवा, दुसरं काय? पण काळजी नको, मी मिटवलंय."

"कसं मिटवलंत?"

"सोपं आहे. सगळ्यांना कळवून टाकलं. झाकणावर जड काहीतरी ठेवा, एखादं जाडजूड पुस्तक वगैरे. दोन दिवसांत बसेल. लोकांनी ठेवलंसुद्धा, उत्तरं यायला लागलीत."

"सगळ्यांना कळवलंत?"

"सगळ्यांना. का?"

ती शेल्फाकडे वळली. झाकण वर येत होतं. अर्ध्यावर आलं आणि तिथेच थरथरत थांबलं.

"अगं," मागून बाबा म्हणाले, "जरा खिडकी उघड ना. छातीवर कुणी काही ठेवल्यासारखं वाटतंय."

खिडकी सकाळपासून उघडीच होती.