पाचवा उपप्रश्न

सरा हो, सरा, वाट द्या,
झोळीत माझ्या दोन जीव.
सायबाची गाडी आली तर
तिलाबी म्हणा, थांब जरा.

चांगुणा सुईणीचा हा आवाज सगुणा गभालेने सहाव्या वर्षी ऐकला होता. वाडीपासून सडकेपर्यंत दोन कोसांची उतरण होती. बांबूला बांधलेल्या झोळीत सगुणाची अडलेली आई होती, खांदेकऱ्यांच्या पुढे चांगुणा पळत होती आणि तिच्या लुगड्याचा काठ धरून सगुणा. गुरं बांधावर चढली. लाकडाच्या मोळ्या उतरल्या. वळणावर पंचायत समितीच्या सभापतींची जीप आडवी आली, तेव्हा चांगुणाने आवाज जराही खाली आणला नाही. जीप आली तशी मागे गेली, पार खालच्या वळणापर्यंत. सभापती उतरून दरडीला पाठ लावून, पोट आत ओढून उभे राहिले होते. सगुणाला त्यांचं ते ओढलेलं पोट अजून आठवतं.

या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली. आता सगुणाताई घाटमाथ्याच्या आमदार होत्या आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराच्या तासाला अजून वीस मिनिटं होती. विधानभवनाच्या ओसरीत त्या चहाचा कप धरून उभ्या होत्या. चहा गार झाल्याचं त्यांना ओठाला लावल्यावर कळलं, आणि कळूनही काही वाटलं नाही. पाच महिन्यांत बऱ्याच गोष्टींचं तसं झालं होतं. मनगटावरच्या जीवपट्टीवर नाडीचा आकडा दिसत होता, बहात्तर. आकड्याच्या मते सगळं ठीक होतं.

"ताई, जेवलात का?" देवरामने विचारलं. तो चांगुणाचा मुलगा. पास मिळवून रात्रभर प्रवास करून आला होता. धुवट सदरा, खांद्यावर टॉवेल.

"तू जेवलास का ते सांग, दादा. आणि नात?"

"नात बकरीच्या दुधावर हाय. आवाज मात्र पणजीचा घेतलाय. सगळी वाडी उठवती." तो हसला आणि लगेच थांबला. "ताई, मला बाकी काय नको. त्या गाडीत कोण व्हतं, एवढं विचारा. मी टावेल हलवला, पार रस्त्यात उभा राहून हलवला. काच काळी. माणूस होतं का नुसतीच गाडी जात होती, तेबी कळंना."

"कळलं तर काय करशील?"

"काय करणार? इचारीन, दिसलो नव्हतो का म्हणून."

सगुणाताईंनी मान हलवली. देवराम प्रेक्षक गॅलरीच्या जिन्याकडे गेला.

आषाढात घाटात जे घडलं, ते कागदावर अगदी सरळ होतं. राज्यातल्या सगळ्या घाटरस्त्यांवर तीन वर्षांपूर्वी मार्गनियंत्रक यंत्रणा बसली. लोक तिला वाटाड्या म्हणत. प्रत्येक गाडीला वाटाड्या एक निकड-अंक द्यायचा, शून्य ते शंभर. ज्याचा अंक मोठा, त्याला आधी वाट. बाकीच्या गाड्यांचं सुकाणू तो घाटापुरतं आपल्या हाती घेई आणि त्यांना कडेच्या थांब्यात नेऊन उभं करी. रुग्णवाहिकेचा अंक आतल्या रुग्णाच्या जीवपट्टीवरून ठरे. नाडी, श्वास, रक्तदाब, अंगाची ऊब असा सगळा हिशेब मिनिटामिनिटाला होई.

त्या सकाळी दरड कोसळून घाटात एकाच गाडीपुरती वाट उरली होती. देवरामची मुलगी मंजुळा वाडीतच बाळंत झाली. बाळ रडलं, पण मंजुळाचं रक्त थांबेना. रुग्णवाहिका तिला आणि देवरामला घेऊन निघाली तेव्हा तिचा अंक होता एकसष्ट. मागून एक पांढरी सरकारी गाडी आली. तिचा अंक नव्वद. वाटाड्याने रुग्णवाहिका थांब्यात घेतली आणि पांढरी गाडी पुढे सोडली. लगेच समोरून चढणाऱ्या गाड्यांचा क्रम आला. त्या संपेपर्यंत सव्वीस मिनिटं गेली. रुग्णवाहिकेचा चालक सुकाणू ओढत राहिला, पण ते त्याचं नव्हतंच. बाविसाव्या मिनिटाला मंजुळाचा अंक एकदम अठ्ठ्याण्णव झाला. तोवर समोरच्या गाड्या अरुंद वाटेत शिरल्या होत्या. त्यांना मागे नेणं वाटाड्याला शिकवलेलं नव्हतं.

पांढऱ्या गाडीचा नव्वद अंक कुठून आला? 'अधिवेशनकाळात सभागृहाकडे निघालेले सदस्य' अशी एक ओळ नियमांत होती. ती मंजूर झाली तेव्हा "होय" म्हणणाऱ्यांत सगुणाताईही होत्या. आणि त्या पांढऱ्या, चालक नसलेल्या गाडीच्या मागच्या आसनावरही त्याच होत्या.

हे देवरामला माहीत नव्हतं. तीन मंत्र्यांना मात्र होतं.

"ताई, दोन मिनिटं." आरोग्यमंत्री अनंतराव कोरडे खांबाआड आले. हातात घडी घातलेला कागद होता. "गाडीत कोण होतं, हा चौथा उपप्रश्न तेवढा सोडून द्या. उत्तर छापलंय, माहिती गोपनीय आहे म्हणून. तुम्ही ताणलंत तर विरोधक नोंद मागतील, नोंद उघडली की गाडी कुणाची हे सगळ्या महाराष्ट्राला दिसेल. कशाला?"

"आणि तुमच्या हातात काय आहे?"

"घाटमाथ्यावर वीस खाटांचं प्रसूतिगृह. आजच घोषणा करतो, तुमचं नाव घेऊन. चौकशी समिती बसली, तर घाटातली सगळी कामं अहवालापर्यंत गोठतील. किती बाया खाली न्याव्या लागणार नाहीत, विचार करा." त्यांचा सूर मवाळ झाला. "आणि तुमचा काय दोष हो? झोपेत होतात तुम्ही. तसा लेखी जबाब दिलाय की."

"हो," सगुणाताई म्हणाल्या. "दिलाय."

त्या गाडीच्या दारावर एक हिरवं बटण होतं. खाली लिहिलेलं असे, 'मी वाट सोडते'. ते दाबलं की गाडी आपला क्रम मागच्याला देई. सगुणाताईंनी ते आधी दोनदा दाबलं होतं, एकदा वऱ्हाडाच्या बससाठी, एकदा दुधाच्या टँकरसाठी.

अकराला सभागृह भरलं. प्रश्न पुकारला गेला. छापील कागदावर पहिले दोन उपप्रश्न नेहमीच्या वळणाने होते. रुग्णवाहिका थांबवण्यात आली, हे खरे आहे काय? 'हे अंशतः खरे आहे.' यंत्रणेत दोष आढळला, हे खरे आहे काय? 'हे खरे नाही.' तिसरा उपप्रश्न, असल्यास कोणती कारवाई केली? 'प्रश्न उद्भवत नाही.'

सगुणाताई उभ्या राहिल्या. आपला आवाज त्यांना दुसऱ्या खोलीतून यावा तसा ऐकू आला.

"अध्यक्ष महाराज, परिवहन मंत्र्यांनी सांगावं. एक बाई मरते आणि यंत्रणेत दोष नाही, हे कसं?"

"अध्यक्ष महाराज, मोठ्या अंकाला आधी वाट, हा नियम आहे. यंत्रणेने नियम पाळला. पाळला नसता तर तो दोष झाला असता."

"घाटाच्या तोंडाशी पोलीस चौकी होती. तिथला हवालदार कुणाचीही गाडी हात करून थांबवायचा. ती का उठवली?"

गृहमंत्री उठले. "यंत्रणा आल्यावर तिथे माणसाचं काम उरलं नाही. मनुष्यबळ आम्ही शहरांकडे वळवलं. घाटातले अपघात निम्म्यावर आले, याचीही सन्माननीय सदस्यांनी नोंद घ्यावी."

"हवालदाराच्या हातापाया तरी पडता यायचं!" मागच्या बाकावरून कुणी ओरडलं. "या वाटाड्याला पाय कुठायत?"

सभागृह हसलं. अध्यक्षांनी घंटा वाजवली. गॅलरीत देवराम हसणाऱ्यांकडे एकेक करून पाहत होता.

"आरोग्यमंत्री, मंजुळाचा अंक एकसष्टच का राहिला?"

कोरडे सावकाश उठले. ते स्वतः डॉक्टर होते आणि हे उत्तर त्यांनी वाचून दाखवलं नाही. "बाळंतिणीची नाडी चढलेलीच असते. हजारो बाळंतपणांच्या नोंदींवरून यंत्र तसं शिकलंय, म्हणून ते घाबरत नाही. त्यात मुलगी तरणी. तरुण देह रक्त कमी पडत असतानाही रक्तदाब सांभाळून धरतो. शेवटपर्यंत धरतो आणि मग एकदम सोडतो. यंत्राने देहावर विश्वास ठेवला, अध्यक्ष महाराज. यापलीकडे मला सांगता येत नाही."

तिघांचीही उत्तरं खरी होती. तीन खरी उत्तरं एकावर एक ठेवली तरी मंजुळा कुणामुळे गेली, ते कुठेच येत नव्हतं.

"चौथ्या उपप्रश्नाचं उत्तर छापील आहे," अध्यक्ष म्हणाले. "माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही. सन्माननीय सदस्यांचं समाधान झालं असावं. आरोग्यमंत्र्यांना एक घोषणा करायची आहे."

कोरड्यांनी घडीचा कागद उलगडला. सगुणाताईंना तो दिसला. वीस खाटा दिसल्या, पांढऱ्या चादरी, खिडकीतून दिसणारा डोंगर. नुसतं बसायचं होतं. मनगटावर बहात्तर.

त्या बसल्या नाहीत.

"अध्यक्ष महाराज, छापील प्रश्नाचे चारच भाग आहेत. मला पाचवा विचारायचा आहे."

"ताई, वेळ संपत आलीय. मंत्र्यांकडे त्याचं उत्तर नसेल."

"उत्तर त्यांना द्यायचं नाही. ते माझ्याकडे आहे."

कोरड्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. सगुणाताईंनी दोन्ही हात बाकावर टेकले. लाकूड गार आहे की नाही, ते कळत नव्हतं. उभ्या उभ्या त्यांनी तो प्रश्न कागदावर असल्यासारखा म्हटला.

"पाच. दिनांक नऊ जुलैला वाट मिळालेल्या त्या गाडीत घाटमाथ्याच्या सदस्या सगुणा गभाले होत्या, हे खरे आहे काय? टॉवेल हलवणारा माणूस त्यांना धुक्यातून दिसला. अर्ज घेऊन आलेला कुणी असेल, असं त्यांना वाटलं. पांढऱ्या गाडीपुढे लोक तसे रोजच उभे राहतात. त्यांनी काच वर घेतली. वाट सोडायचं बटण हाताशी होतं, ते दाबलं नाही. सभागृह सुरू होण्याच्या दोन तास आधी त्या मुंबईत पोचल्या आणि चहा प्यायल्या. हे खरे आहे काय?"

विरोधी बाकांवर गलका उठला आणि आपोआप विझला. कोरडे हातातल्या कागदाची पुन्हा घडी घालत होते.

सभागृहात फक्त अध्यक्षांकडे पाहून बोलायचं, गॅलरीशी बोलायचं नाही, हा नियम सगुणाताईंनी तेरा वर्षं पाळला होता. त्यांनी मान वर केली. देवराम कठड्याशी उभा होता. सुरक्षारक्षक त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवू पाहत होता आणि तो बसत नव्हता. टॉवेल त्याच्या हातात होता.

"दिसला होतास, दादा," सगुणाताई म्हणाल्या. "जबाबात मी खोटं लिहिलं. मी जागी होते."